घराचा स्लॅब टाकताना: सेंटरिंग ठोकण्यापासून शेवटचा जॅक काढण्यापर्यंत

स्लॅब गळला, किंवा चार पावसाळ्यांत खालचे प्लॅस्टर सुटून गंजकी सळई दिसू लागली, की आपल्याकडे पहिला दोष सिमेंटला दिला जातो. बहुतेक वेळा सिमेंट ठीक असते. काम बिघडते ते एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना. सेंटरिंगवाला (काँक्रीटचा साचा आणि त्याखालचे टेके उभारणारा) प्लेटा ठोकून जातो, मग फिटर सळईचे जाळे बांधतो, मग वायरमन पाइप टाकतो, शेवटी मिक्सरची गँग येते. चौघांचा ठेका वेगळा आणि चौघांनाही घाई. प्रत्येक जण आधीच्याचे काम तुडवत आपले करतो, आणि "हे तपासलं कोणी?" असे विचारले की चौघे एकमेकांकडे बघतात.

म्हणून खालच्या क्रमात तीन ठिकाणी सक्तीचा थांबा आहे: सळई चढवण्याआधी, काँक्रीट टाकण्याआधी आणि जॅक काढण्याआधी. या तिन्ही ठिकाणी एका ठरलेल्या माणसाने 'हो' म्हटल्याशिवाय काम पुढे सरकवायचे नाही. तो माणूस शक्यतो तुमचा इंजिनिअर असावा. गावाकडे इंजिनिअर रोज येत नाही हे मान्य, पण या तीन दिवशी तो यायलाच हवा. फी ठरवतानाच त्या तीन भेटी लिहून घ्या.

उदाहरणासाठी १,००० चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब धरला आहे.

१. पंधरा दिवस आधी: हिशेब आणि बोलणी

आधी आकडे समजून घ्या. एवढ्या स्लॅबचे नुसते ओले काँक्रीट सुमारे ३० टन भरते. बीम, सळई आणि वर फिरणारी माणसे यांचे वजन वेगळे. काँक्रीट आवळेपर्यंत हे सगळे ओझे बल्ल्या (लाकडी खांब) आणि जॅक (लोखंडी टेके) यांच्यावर असते.

बीम धरून साधारण १५ घनमीटर काँक्रीट लागते. एम-२० या ताकदीच्या काँक्रीटचे नेहमीचे प्रमाण १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) घेतले तर घनमीटरला ८ पोती, म्हणजे १२० पोती सिमेंट. एका पोत्याचा मिक्सर तासाला १५ ते २० पोती ओढतो, त्यामुळे काम सहा ते आठ तासांचे. एप्रिल-मे महिन्यात सकाळी नऊला नारळ फोडून सुरुवात केली, तर निम्मा स्लॅब भर दुपारच्या उन्हात पडतो. मुहूर्त काढायचाच असेल तर पहाटेचा काढा.

बोलणी करताना या गोष्टी आधीच ठरवून कागदावर घ्या:

- सेंटरिंगचे भाडे किती दिवसांचे? २१ दिवस धरूनच दर ठरवा. दहाव्या दिवशी "प्लेटा दुसऱ्या साइटवर पाहिजेत" असा फोन येतोच. भाडे आधी ठरलेले नसेल तर तुमच्याकडे उत्तर नसते.
- मिक्सर बंद पडला तर दुसरा कुठून येणार? व्हायब्रेटर दोन आणा, एक चालू आणि एक राखीव. डिझेलवर चालणारा असेल तर वीज गेली तरी अडत नाही.
- ठेक्याच्या रकमेतला काही भाग जॅक काढून तपासणी होईपर्यंत राखून ठेवायचा. मी साधारण दहावा हिस्सा राखायला सांगतो. मुकादमाला हे पहिल्या दिवशी सांगा. काम झाल्यावर सांगितले तर भांडण होते.
- गँगमध्ये माणसे किती? ऊसतोडीच्या हंगामात बीड, धाराशिवकडचे पुष्कळ मजूर कारखान्यांवर गेलेले असतात. अशा वेळी निम्म्या माणसांत पूर्ण स्लॅब ओढायचा प्रयत्न होतो. माणसे कमी असतील तर तारीख पुढे ढकला.

पाण्याचा हिशेब तर मराठवाड्यात सिमेंटच्या आधी करायला हवा. उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून रोज सेंटिमीटरभर पाणी उडते असे धरा. १,००० चौरस फुटांवर म्हणजे रोज ९०० ते १,००० लिटर. १४ दिवसांचे १३-१४ हजार लिटर होतात, म्हणजे पाच हजारांचे तीन टँकर, आणि ते फक्त क्युरिंगला, म्हणजे स्लॅब ओला ठेवायला. टँकरवाल्याशी आधी बोला. पाण्याची सोय होत नसेल तर स्लॅब पाऊस लागेपर्यंत थांबवणे परवडते, कोरडा ठेवणे परवडत नाही.

बोअरचे पाणी खारट किंवा मचूळ असेल तर काँक्रीटमध्ये घालण्याआधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि पीएच ६ च्या खाली नको.

२. सेंटरिंग

सेंटरिंगमधली सगळ्यात मोठी चूक वर नसते, जमिनीवर असते. काळ्या मातीवर किंवा नुसत्या टाकलेल्या भरावावर बल्ली उभी केली की कोरडी असेपर्यंत ती घट्ट वाटते. मग वरून प्लेटा धुतलेले पाणी आणि काँक्रीटचा पाझर खाली येतो, माती लोण्यासारखी होते आणि बल्ली खचते. ती खचते ऐन काँक्रीट पडत असताना.

क्रम असा ठेवा:

१. खालचा मुरूम पाणी मारून, धुम्मस करून बसवा. शक्य असेल तर आधी पीसीसी (बिनसळईचे काँक्रीट) करून घ्या.
२. प्रत्येक जॅकखाली जाड फळी आडवी टाका. एका फळीवर दोन-तीन जॅक आले तर उत्तम. विटांचे थर रचून उंची काढू नका. वीट फुटली की जॅक गेला.
३. जॅक दोन ते तीन फुटांवर, ओळंब्यात. बल्ली वापरत असाल तर एक अखंड घ्या. दोन तुकडे तारेने बांधून केलेली बल्ली सरळ नाकारा.
४. उंची नेहमीच्या मजल्यापेक्षा जास्त असेल, जिना किंवा दुमजली हॉल असेल, तर मध्यावर दोन्ही दिशांनी आडव्या बल्ल्या बांधा. तिरपे ताणही द्या.
५. पाचरी जोडीने, समोरासमोर ठोका आणि खिळा मारून अडकवा, म्हणजे व्हायब्रेटरच्या हादऱ्याने त्या निसटणार नाहीत.
६. प्लेटांमधल्या फटी बुजवा. फटीतून सिमेंटचे पाणी गळाले की तिथे नुसती खडी उरते.
७. ऑइल आता लावा. जाळे बांधल्यावर लावलेले ऑइल सळईला लागते आणि काँक्रीट सळईला धरत नाही. ही उलटी रीत फार ठिकाणी दिसते.

पहिला थांबा. लेव्हल ट्यूब लावून चारही कोपरे आणि मध्य तपासा. खाली वाकून एकेक जॅक हाताने हलवून बघा. जो हलला त्याला खडूने खूण करा, आणि सगळ्या खुणा मिटल्याशिवाय फिटरला वर चढू देऊ नका.

३. सळई, पाइप आणि पायाखालचे नुकसान

सळई जालन्याची असो की आणखी कुठली, प्रत्येक गाडीबरोबर टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि सळईवरचा ठसा त्याच्याशी ताडून बघा. त्यापुढचे सगळे बांधणीवर आहे.

स्लॅबच्या खालच्या सळईला २० मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, हवे. त्यासाठी सिमेंटचे किंवा तयार कव्हर ब्लॉक वापरा, तीन-तीन फुटांवर. फरशीचे तुकडे आणि खडीचे दगड सरकतात. सळई प्लेटला टेकली की त्या जागी गंज ठरलेला. पूर्ण स्लॅबचे कव्हर ब्लॉक एका सिमेंटच्या पोत्यापेक्षा फारसे महाग पडत नाहीत, तरी घासाघीस नेमकी तिथे होते.

बीमच्या रिंगांचे हूक आत, १३५ अंशांत वळवलेले हवेत. काटकोनात वळवलेला हूक धक्क्यात उघडतो. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्या भागाने सोसला, तिथे हे फिटरला समजावून सांगावे लागू नये. पण सांगावे लागते. सळईचा जोड एका रेषेत सगळीकडे देऊ नका, आलटून पालटून द्या. ५०० ग्रेडच्या १० मिमी सळईला एम-२० मध्ये साधारण दोन फुटांचा लॅप (जोडात एकावर एक येणारी लांबी) धरा.

आता छज्जा आणि बाल्कनी. इथे चूक झाली तर माणूस मरतो. बाहेर झुकलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. फिटर ती बरोबर वर बांधतो. मग वायरमन तिच्यावर उभा राहतो, मग घमेलेवाले चालतात, आणि काँक्रीट पडेपर्यंत ती सळई दाबून खाली गेलेली असते. वरून बघितले तर स्लॅब छान दिसतो, पण आत त्याला ताकदच नसते. वरच्या सळईखाली तीन-तीन फुटांवर सळईच्या खुर्च्या द्या आणि चालायला फळ्यांची वाट करा. छज्जावर त्या दिवशी कोणी पाय ठेवायचा नाही, हे मुकादमाने ओरडून सांगायचे.

वायरमनने पाइप खालच्या आणि वरच्या सळईच्या मधून न्यावेत. प्लेटवर ठेवलेला पाइप नंतर खालून दिसतो. चार पाइप एकत्र बांधून नेले तर तिथे काँक्रीट शिरत नाही. फॅन बॉक्ससाठी सळई कापायची नाही, सरकवायची. संडास-बाथरूमचे पाइप जिथून जाणार तिथे आत्ताच स्लीव्ह ठेवा. नंतर हातोड्याने पाडलेले भोक गळतेच.

तपासा: सगळे बांधून झाले की मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक खोलीचा वेगळा, आणि फ्रेममध्ये मोजपट्टी दिसेल असा.

४. आदल्या संध्याकाळी

हा टप्पा सगळे गाळतात. तासाभराचे काम आहे.

- खडी, वाळू, सिमेंट पूर्ण आले का? "सकाळी येईल" हे उत्तर धरू नका. मध्येच वाळू संपली की स्लॅबला थंड जोड पडतो (आधीचा माल आवळल्यावर नवा त्याला नीट धरत नाही) आणि पुढे तिथूनच पाणी झिरपते.
- फर्मा (मापाची पेटी) तयार आहे का? एका पोत्याचे आकारमान ३५ लिटर. तेवढ्या मापाचा फर्मा करून पोत्याला दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी द्या. घमेल्याने मोजले तर सकाळी शीग असते आणि दुपारी निम्मे. वाळू ओलसर असेल तर ती फुगलेली असते, तेव्हा फर्मा थोडा जास्त भरावा लागतो.
- पाण्याच्या बादलीवर रंगाची रेघ मारा. एका पोत्याला २५ ते २७ लिटर, त्याहून जास्त नाही.
- कडेने, सेंटरिंगच्या बाहेर, बल्ल्यांचे कठडे बांधलेत का? जिन्याच्या आणि डक्टच्या उघड्या जागा झाकल्यात का?
- घरावरून किंवा जवळून विजेची तार गेली आहे का? ११ केव्हीच्या तारेपासून बांधकामाला उभे ३.७ मीटर आणि आडवे १.२ मीटर अंतर नियमाने लागते. तेवढे असूनही ४० फुटी सळई किंवा लिफ्टचा खांब फिरवताना तार सहज गाठली जाते. अंतर कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्या.
- मिक्सर आणि व्हायब्रेटरची वायर जोडाशिवाय अखंड हवी, ओल्या सळईवरून नेलेली नको, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा.

दुसरा थांबा. इंजिनिअरने जाळे, कव्हर, छज्जाची सळई आणि सेंटरिंग पुन्हा बघून डायरीत सही करायची. सही नाही तर सकाळी मिक्सर सुरू नाही, मग पाहुणे आलेले असोत की जेवणाचा मंडप पडलेला असो.

५. स्लॅबचा दिवस

सुरू करण्याआधी दहा मिनिटे सगळ्यांना एकत्र उभे करा. कोण कुठे उभा राहणार आणि 'थांबा' कोण म्हणणार, ते सांगा. एक जण फक्त व्हायब्रेटरवर, एक फक्त पाण्याच्या बादलीवर. बादलीवरचा माणूस मालकाच्या विश्वासातला असावा, कारण गँगला पातळ माल सोपा पडतो आणि दिवसभर त्याच्यावर दबाव येतो. "मालक, कशाला घाबरायलाव, रोजचंच काम हाय आपलं," हे ऐकून घ्या, चहा पाजा, पण पाण्याचा पाइप मिक्सरमध्ये घालू देऊ नका.

सुरक्षेच्या गोष्टी थोडक्यात, पण यातली एकही सोडायची नाही:

- हेल्मेट आणि गमबूट सगळ्यांना, हातमोजे माल हाताळणाऱ्यांना. ओले सिमेंट कातडी जाळते. चप्पल घालून स्लॅबवर चढायचे नाही.
- मिक्सरच्या पट्ट्यावर आणि चाकावर झाकण हवे. बायकांचे पदर आणि पुरुषांचे उपरणे आवळून खोचलेले हवे. ड्रम फिरत असताना आत फावडे घालायचे नाही.
- लिफ्टने फक्त माल चढवायचा, माणसे नाहीत. लिफ्टखालची जागा दोरी लावून बंद करा.
- लेकरे साइटवर नकोत. सोबत आणावीच लागत असतील तर रस्त्यापलीकडे सावलीत, सांभाळायला एक माणूस देऊन.
- दर तासाला पाणी, आणि उन्हाळ्यात लिंबू-मीठ-साखर. चक्कर आली की लगेच सावलीत घ्या, अंग ओले करा. शुद्ध हरपत असेल तर १०८ लावा.

आता काम. प्लेटा आणि खालच्या विटांच्या भिंती पाणी मारून ओल्या करा, तारेचे तुकडे आणि गुटख्याच्या पुड्या वेचून काढा. माल मिक्सरमध्ये किमान दोन मिनिटे फिरू द्या. आधी बीम भरा, मग स्लॅब, आणि एका कडेपासून दुसरीकडे सरकत या. माल एका जागी ढीग करून ओतू नका. तेवढ्याच जागी सेंटरिंगवर दुप्पट-तिप्पट भार येतो.

व्हायब्रेटरची निडल उभी घाला, बुडबुडे थांबले की सावकाश वर काढा. निडलने माल ओढत नेणे ही नेहमीची चूक आहे. खडी मागे राहते आणि नुसते पाणी पुढे जाते. बीम-कॉलमच्या जोडात सळई दाट असते, तिथे घाई नको.

माल कसा आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. स्लंप कोन (ओल्या मालाची चाचणी घेण्याचा शंकूसारखा साचा) ठेवा; साचा उचलल्यावर माल ७५ ते १०० मिमी खाली बसला की पुरे. तयार काँक्रीट गाडीने मागवले असेल तर पावतीवरची वेळ बघा. पाणी मिसळल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, आणि साइटवर तिच्यात पाणी ओतायचे नाही.

१५ घनमीटरच्या कामाला दोन वेळा तरी नमुना घ्या, दर वेळी तीन क्युब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, १५ सेंटीचे. गल्लीतल्या घराला क्युब कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. घर विकताना किंवा वर मजला चढवताना हाच कागद कामी येतो.

सेंटरिंगवर नजर. सेंटरिंगचा मिस्त्री दिवसभर हजर हवा, पण स्लॅबच्या खाली नाही, कडेला बाहेर उभा. कट् असा आवाज, एखादा जॅक वाकलेला किंवा प्लेट लोंबलेली दिसली तर काँक्रीट बंद आणि वरची सगळी माणसे उतरवायची. अशा वेळी "एक जॅक मारून येतो" म्हणत खाली धावणाऱ्याला दंडाला धरून थांबवा. आधी जीव, मग इंजिनिअर येईल तेव्हा स्लॅब.

मध्ये थांबावेच लागले तर जोड गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) मधल्या एक-तृतीयांश भागात घ्या, उभी फळी लावून, सरळ. बीमच्या कडेला उतरता सोडू नका.

फिनिशिंग करताना वर कोरडे सिमेंट भुरभुरण्याची सवय मोडा. त्याने पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो आणि जाळीसारख्या बारीक भेगा पडतात.

६. पुढचे १४ दिवस

उष्ण वाऱ्यात पहिल्या काही तासांतच भेगा पडतात. दांडी फिरवून झाली की मागोमाग प्लास्टिकचा कागद किंवा ओली गोणपाटे अंथरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ मालाचे वाफे बांधा आणि दोन इंच पाणी भरून ठेवा. दिवसातून तीनदा पाइपने शिंपडणे म्हणजे क्युरिंग नव्हे. दोन शिंपडण्यांमध्ये स्लॅब वाळतो.

बाजारात मिळणारे सिमेंट बहुधा पीपीसी (राख वगैरे मिसळलेले सिमेंट) असते. त्याला आयएस ४५६ प्रमाणे किमान १० दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत १४ दिवस पाणी लागते. ही जबाबदारी नाव घेऊन एका माणसाला द्या. "सगळे बघतील" म्हटले की कोणीच बघत नाही.

आठवडाभर तरी स्लॅबवर विटा-वाळूचे ढीग नकोत. पॅरापेटची (गच्चीच्या कठड्याची) घाई नंतर करा.

७. जॅक काढणे

आयएस ४५६ मध्ये साध्या ओपीसी सिमेंटसाठी दिलेले किमान दिवस असे आहेत:

- बीमच्या, कॉलमच्या बाजूच्या प्लेटा: १६ ते २४ तास
- स्लॅबचे जॅक, गाळा ४.५ मीटरपर्यंत: ७ दिवस
- स्लॅबचे जॅक, गाळा त्याहून मोठा: १४ दिवस
- बीमचे जॅक, गाळा ६ मीटरपर्यंत: १४ दिवस
- बीमचे जॅक, गाळा त्याहून मोठा: २१ दिवस

पीपीसी सावकाश ताकद धरते, म्हणून यात आणखी दिवस वाढवा. किती, ते इंजिनिअरने ७ दिवसांचा क्युब बघून सांगायचे. वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा असेल तर खालचे जॅक तोपर्यंत राहू द्या.

तिसरा थांबा. कागदावर तारीख आणि सही. त्याआधी सेंटरिंगवाल्याची गाडी दारात आली तरी परत पाठवा.

काढताना क्रम महत्त्वाचा. साध्या गाळ्यात मधून सुरू करून कडांकडे या. छज्जा आणि बाल्कनीचे जॅक सगळ्यात शेवटी, बाहेरच्या टोकापासून आत. प्लेटा झोडपून खाली पाडू नका. खिळे बाहेर आलेल्या फळ्या लगेच बाजूला रचा. या दिवशी पायात खिळा घुसण्याचे प्रकार फार.

८. मालकाच्या हातात काय द्यायचे

प्लेटा निघाल्यावर स्लॅबची खालची बाजू उजेडात बघा. कुठे नुसती खडी दिसते का, सळई उघडी पडली का, बीमच्या तळाला पोकळी आहे का? असेल तर त्या जागेवर गवंड्याने लगेच मसाला थापू नये. आधी फोटो, मग इंजिनिअर, मग तो सांगेल ती दुरुस्ती. झाकलेली पोकळी ठेकेदाराला त्या दिवशी सोपी वाटते आणि मालकाला दहा वर्षांनी महागात पडते.

राखून ठेवलेली रक्कम या तपासणीनंतर द्या, आणि लगेच द्या. काम नीट झाले असताना पैसे अडकवणाऱ्या मालकाकडे चांगली गँग पुन्हा येत नाही. ज्या मजुरांचे वर्षातले बांधकामाचे ९० दिवस भरले असतील त्यांना ठेकेदाराने तसा दाखला द्यावा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला तो लागतो.

मालकाच्या फाइलमध्ये एवढे हवे: आरसीसीचे ड्रॉइंग, सळईचे सर्टिफिकेट, क्युबचे रिपोर्ट, तिन्ही थांब्यांच्या सह्या आणि काँक्रीट पडण्याआधीचे खोलीवार फोटो. झोपाळ्याचा हूक किंवा एसीचा पाइप बसवायला ड्रिल लावण्याआधी वायरमनला तेच फोटो दाखवायचे.